ऱ्होडोडेंड्रॉनला खत: काय, कधी, किती आणि कधी अजिबातच नाही

ऱ्होडोडेंड्रॉन नवीन लावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, याला कुठलं खत घालू? आणि माझं उत्तर पण ठरलेलं आहे, आधी खताची पिशवी बाजूला ठेवा आणि माती बघा. हे झाड खत नाही मिळालं म्हणून सहसा मरत नाही, ते मरतं चुकीच्या मातीमुळे, मुळाशी पाणी साचल्यामुळे, आणि बऱ्याचदा प्रेमापोटी मूठ-मूठ खत घातल्यामुळे. म्हणून हा लेख खताचा असला तरी सुरुवात मातीपासून करते, थोडा धीर धरा, खताच्या ग्रॅमपर्यंत आपण येणार आहोत.

अझेलिया असेल तरी हेच सगळं लागू आहे. अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच, लिनियसने १७५३ मध्ये दोघांना वेगवेगळं धरलं होतं पण नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोन्ही एकाच वंशात (genus) आणले. ब्लूबेरी आणि हीदर ही पण याच घराण्यातली नातेवाईक मंडळी, त्यामुळे ब्लूबेरी सांभाळलेल्या माणसाला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

आधी झाडाची मुळं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढचे सगळे नियम इथूनच निघतात.

रानात ही झाडं बहुतेक करून डोंगरउतारावर, जंगलाच्या सावलीत, कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात वाढतात. पाऊस भरपूर, त्यामुळे मातीतला चुना वगैरे धुवून गेलेला, माती ॲसिडिक आणि अन्नद्रव्यं बेताचीच. काही जाती तर चक्क दुसऱ्या झाडांच्या खोडावर शेवाळात मुळं रोवून राहतात, तिथे माती अशी नसतेच. म्हणजे थोडक्यात भागवायची या झाडाला पिढ्यानपिढ्या सवय आहे.

मुळं कशी असतात तर केसासारखी बारीक, एकमेकांत गुंतलेली, आणि बहुतेक सगळी वरच्या ३० सेंटीमीटरच्या आतच. खोल जाणारं सोटमूळ नाही. इतर झाडांच्या मुळांवर जी बारीक लव असते, मूलरोम म्हणतात ती, ती पण यांना नसते. त्याऐवजी मुळांमध्ये एक खास बुरशी राहते, ती कुजणाऱ्या पालापाचोळ्यातला नायट्रोजन काढून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. आता अशा नाजूक, उथळ मुळांवर तुम्ही स्ट्राँग रासायनिक खत टाकलंत की काय होतं, खतातले क्षार मातीच्या पाण्यात विरघळतात, ते पाणी इतकं खारट होतं की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर खेचलं जातं आणि पानांच्या कडा करपतात. यालाच आपण खताने झाड जळलं म्हणतो.

अजून एक गोष्ट, या झाडाला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात आवडतो, नायट्रेटच्या रूपात तितकासा वापरता येत नाही. खत निवडताना हे लागेल, तेवढं डोक्यात ठेवा.

पायरी १: झाडाला खताची गरज आहे का ते बघा

खरंच सांगते, बऱ्याच झाडांना नसते. पानं जातीनुसार छान हिरवी आहेत, दरवर्षी फांद्यांच्या टोकाला नवीन पालवी फुटून चांगली वाढ होतेय, कळ्या धरतायत, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा थर आहे, तर काहीही घालू नका. फक्त हा थर, म्हणजे मल्च, टिकवा आणि पाणी सांभाळा.

गरज असल्याची लक्षणं म्हणजे नवीन फुटवे आखूड, पानं नेहमीपेक्षा लहान, आणि सगळं झाडच फिकट हिरवं, त्यातही जुनी पानं आधी फिकी पडलेली. हा नायट्रोजन कमी पडल्याचा चेहरा. जमीन अगदी वाळूची असेल, पावसाने खत वाहून जात असेल किंवा झाड कुंडीत असेल तर ही वेळ लवकर येते.

काही लक्षणं मात्र फसवी असतात. आतल्या बाजूची जुनी पानं शरद ऋतूत पिवळी होऊन गळणं हे नॉर्मल आहे, सदाहरित झाडाची पानंसुद्धा कायमची नसतात, काही वर्षांनी जुनी जातात आणि नवी येतात. कडाक्याच्या थंडीत पानं सिगारसारखी गुंडाळून खाली लोंबली तरी घाबरू नका, काही जाती थंडीत तसंच करतात आणि ऊब आली की पानं परत उघडतात. पण उबदार दिवसात, माती ओली असताना झाड मान टाकत असेल तर मामला गंभीर आहे, बहुतेक मुळं कुजतायत, निचरा नाहीये, फायटोफ्थोरा नावाचा रोग अशाच ठिकाणी येतो. अशा झाडाला खत घालणं म्हणजे त्याला लवकर मारणं. आधी निचरा बघा, मुळं बघा. आजारी, सुकलेल्या किंवा नुकत्याच हलवलेल्या झाडाला खत नाही, हा नियम समजा.

पायरी २: मातीचा पीएच मोजा

पीएच म्हणजे माती किती ॲसिडिक आहे ते सांगणारा आकडा, तो या झाडाला साधारण ४.५ ते ६ च्या मध्ये लागतो. त्याच्या वर गेलं की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, मँगनीजचं पण तसंच, आणि मग तुम्ही कितीही खत ओता, झाड उपाशीच राहतं. पीएचचा आकडा दिसतो लहान पण प्रत्येक अंकाला दहापट फरक असतो, म्हणजे ५ पीएचची माती ६ पीएचच्या मातीपेक्षा दहापट ॲसिडिक, त्यामुळे ६ आणि ७ मध्ये असा काय मोठा फरक, असं म्हणू नका. बागायतीत ही गोष्ट तशी अलीकडे नीट कळली, १९१० मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरीवर प्रयोग करून दाखवलं की तिला ॲसिडिक मातीच लागते, तोपर्यंत चांगली खतवलेली बागेची माती म्हणजे सगळ्यांना चालणार असाच समज होता.

माती लॅबमध्ये तपासून घेता आली तर उत्तम. नमुना घेताना वरचा मल्च बाजूला करा, झाडाच्या घेरात चार-पाच ठिकाणची वरची १५ सेंटीमीटर माती घ्या, स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली मूठभर पाठवा. घरी करायची रंगाची किट चालतात, अंदाज येतो. दोन काड्या मातीत खुपसायचं ते स्वस्तातलं मीटर मात्र मला भरवशाचं वाटत नाही, त्याच्या आकड्यावर विसंबून गंधक वगैरे घालू नका.

एक झटपट चाचणी अशी की वाळलेल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं तर मातीत मोकळी चुनखडी आहे. अशा जमिनीशी भांडू नका. तिचा पीएच खाली आणायचा म्हणजे चुना संपेपर्यंत ॲसिड घालत राहायचं, ते कधी संपत नाही. सरळ कुंडी घ्या किंवा जमिनीच्या वर वेगळ्या मातीचा उंच वाफा करा. आणि झाड सिमेंटच्या भिंतीला किंवा पायाला लागून लावलं असेल तर तेही कारण असू शकतं, सिमेंटमधून चुना झिरपतो आणि शेजारची माती हळूहळू बदलते.

पाण्याकडे पण बघा. जड पाणी म्हणजे ज्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो ते, वर्षानुवर्षं घातलं की पीएच वर चढत जातो, मातीत तुम्ही कितीही सुधारणा करा. पावसाचं पाणी साठवता आलं तर या झाडाला ते द्या, इतर झाडांना नळाचं चालेल.

पायरी ३: पीएच जास्त असेल तर आधी तो खाली आणा

यासाठी सगळ्यात सुरक्षित वस्तू म्हणजे बागेसाठी मिळणारं साधं गंधक. मातीतले जिवाणू गंधकाचं हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि पीएच उतरतो. काम जिवाणूंचं आहे म्हणून माती उबदार आणि ओलसर असावी लागते आणि वेळ लागतो, आठवडे नाही, महिने. एका वेळी चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका, झाड आधीच लावलेलं असेल तर ३० पासूनच सुरू करा, तीन-चार महिन्यांनी परत पीएच मोजा आणि मग पुढचं ठरवा. वाळूच्या मातीला कमी लागतं, चिकण मातीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतं, पण तेही हप्त्याहप्त्याने. लावण्याआधी वेळ असेल तर गंधक मातीत मिसळून ठेवा, लावल्यानंतर फक्त वरून भुरभुरायचं आणि पाणी द्यायचं, खणायचं नाही.

फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकस, ते गंधकापेक्षा लवकर काम करतं आणि लोह पण देतं, पण मात्रा जास्त लागते आणि क्षार वाढतात, शिवाय फरशीवर सांडलं की गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. ॲल्युमिनियम सल्फेट बऱ्याच ठिकाणी सुचवलेलं दिसेल, ते पटकन पीएच उतरवतं हे खरं, पण ॲल्युमिनियम साठत गेलं की या झाडांच्या मुळांना ते विषारी ठरतं, म्हणून मी ते वापरूच नका म्हणेन. हायड्रेंजियाचा रंग निळा करायला ते ठीक, इथे नको.

कॉफीचा चोथा? वापरलेल्या कॉफीतलं बरंचसं ॲसिड कपात गेलेलं असतं, चोथ्याने पीएच उतरेल अशी आशा ठेवू नका. थोडा नायट्रोजन मिळतो, कंपोस्टमध्ये टाका किंवा मल्चवर अगदी पातळ पसरा, जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा धरतो आणि पाणीच आत जाऊ देत नाही. व्हिनेगरचं पाणी घालण्याचा सल्ला पण फिरत असतो, त्याचा परिणाम थोडेच दिवस टिकतो आणि मुळांना त्रास होतो तो वेगळा.

पायरी ४: मल्च, म्हणजे खरं जेवण

माझ्या मते या झाडाला खायला घालण्याचा मुख्य मार्ग हाच आहे, पिशवीतलं खत हे पूरक. बुंध्याभोवती ५ ते ८ सेंटीमीटरचा थर द्या, पाइनच्या सुया, पाइनच्या सालीचे तुकडे, ओकची पानं, किंवा कुठल्याही पानांचं चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. हे हळूहळू कुजतं, मुळातल्या बुरशीला तिचं काम मिळतं, ओल टिकते, मुळं थंड राहतात आणि तण कमी येतं. दरवर्षी थर खाली बसतो तेवढी भर घालत राहायची, जुना उपसून काढायचा नाही.

दोन काळज्या घ्या. एक, मल्च खोडाला चिकटून ढीग करू नका, बुंध्यापासून चार बोटं तरी लांब ठेवा नाहीतर साल कुजते आणि उंदीर घुशींना लपायला जागा होते. दोन, ताजा लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना मातीतला नायट्रोजन जिवाणूच खाऊन टाकतात आणि झाड पिवळं पडतं, वापरायचाच तर जुना कुजलेला वापरा आणि वरच पसरा.

आणि कृपा करून घेरात खुरपणी करू नका. मुळं इतकी वर असतात की खुरप्याचा एक फटका म्हणजे शेकडो तंतुमुळं गेली. तण हाताने उपटा. खत मातीत कालवायची सवय असते ना आपल्याला, ती इथे सोडा.

पायरी ५: खत निवडा

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ॲसिडिक माती आवडणाऱ्या झाडांसाठी तयार मिळणारं खत, पिशवीवर अझेलिया, कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन असं लिहिलेलं असतं. त्यातही स्लो रिलीज म्हणजे हळूहळू सुटणारं घ्या, नवीन माणसाच्या हातून चूक झाली तरी ते थोडं सांभाळून घेतं. पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांची टक्केवारी, १०-५-५ लिहिलं असेल तर १०० ग्रॅम खतात १० ग्रॅम नायट्रोजन. या झाडाला लहान आकडे बरे. मागे बारीक अक्षरात नायट्रोजन कुठल्या रूपात आहे तेही लिहिलेलं असतं, अमोनियम किंवा युरिया जास्त आणि नायट्रेट कमी असं बघून घ्या.

सेंद्रिय हवं असेल तर सरकीची पेंड या झाडांसाठी जुनी आणि भरवशाची आहे, नायट्रोजन साधारण ६ टक्के, सावकाश सुटते आणि मातीला किंचित ॲसिडिक बाजूला नेते. सोयाबीन पेंड पण चालते. पेंडीच्या वासाने उंदीर, कुत्री येतात म्हणून वरून मल्चचा हात फिरवून झाका. फिश इमल्शन, म्हणजे माशांपासून केलेलं द्रव खत, पातळ करून चालतं.

साधं रासायनिक हवं तर अमोनियम सल्फेट, त्यात २१ टक्के नायट्रोजन असतो, गंधकही असतं, आणि ते पीएच खाली ढकलतं. स्वस्त आणि परिणामकारक पण स्ट्राँग, हात आखडता ठेवा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन म्हणजे दुपटीहून जास्त, नवीन लोकांनी युरियाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

आता नको ती यादी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण इतर झाडांना चांगल्या असलेल्या वस्तूच इथे नडतात. लाकडाची राख नको, चुना नको, डोलोमाइट नको, ही तिन्ही पीएच वर नेतात. हाडांचं खत म्हणजे बोनमील नको, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, पीएचही वर. मशरूमच्या शेडमधून येणारं वापरलेलं कंपोस्ट नको, त्यात बऱ्याचदा चुना असतो. ताजं शेण आणि कोंबडी खत नको, फार उष्ण आणि खारट. चांगलं कुजलेलं शेणखत थोडं चालेल पण पालापाचोळ्याचं खत त्याहून बरं. म्युरिएट ऑफ पोटॅश नको कारण त्यातला क्लोराइड मुळांना सोसत नाही, पोटॅश द्यायचंच तर सल्फेट ऑफ पोटॅश. कॅल्शियम नायट्रेट नको. लॉनचं खत अजिबात नको, त्यात नायट्रेट असू शकतं आणि कधीकधी तणनाशक पण मिसळलेलं असतं, शेजारच्या लॉनला खत किंवा चुना टाकतानाही तो उडून इकडे येणार नाही हे बघा.

इथे एक बारकावा. कॅल्शियम या झाडाला नकोच असतं असं नाही, थोडं लागतंच, फक्त ते पीएच न वाढवता मिळायला हवं. माती परीक्षणात कॅल्शियम खूपच कमी आलं तर जिप्सम वापरतात, त्याने पीएच चढत नाही. परीक्षण न करता उगाच घालायची गरज नाही.

फुलं येत नाहीत म्हणून जास्त फॉस्फरसचं खत घालायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मला तो पटत नाही. फुलं न येण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, सावली फार दाट, झाड अजून लहान, कळ्या धरायच्या काळात पाण्याची ओढ, उशिरा केलेली छाटणी, थंडीने मेलेल्या कळ्या, किंवा नायट्रोजन जास्त झाल्यामुळे नुसती पानंच. फॉस्फरस मातीत साठत जातो आणि जास्त झाला की लोहाच्या आड येतो, म्हणजे फुलं तर नाहीतच, वर पानं पिवळी.

पायरी ६: वेळ

महिन्यांची नावं न सांगता झाडाच्या अवस्थेवरून सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही असा, गोंधळ होणार नाही.

पहिली वेळ वसंताच्या सुरुवातीला, कळ्या फुगायला लागतात तेव्हा. दुसरी वेळ फुलं संपली की लगेच, नवीन पालवी फुटते तेव्हा. बस. बऱ्याच झाडांना यातली एकच पुरते, आणि एकच द्यायची तर मी फुलं संपल्यानंतरची निवडेन कारण तेव्हाच नवी वाढ होते आणि त्या वाढीच्या टोकावर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. टोकाशी गोल, गरगरीत कळी दिसली तर ती फुलाची, बारीक टोकदार असेल तर पानाची.

उन्हाळा अर्धा उलटला की नायट्रोजन बंद. उशिरा दिलेल्या खताने कोवळी पालवी परत फुटते, ती थंडीच्या आधी पक्व होत नाही आणि पहिल्या कडक थंडीत काळी पडते, शिवाय कळ्या धरायच्या सोडून झाड पानांच्या मागे लागतं. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना पण नाही.

नवीन लावलेल्या झाडाचं वेगळं. लावताना खड्ड्यात रासायनिक खत टाकायचं नाही, अजिबात नाही, पानांचं खत मातीत मिसळा आणि वरून मल्च द्या, तेवढं पुरे. पहिला हंगाम मुळं पसरू देत. नर्सरीतून आलेल्या कुंडीत बहुतेक वेळा आधीच स्लो रिलीज दाणे असतात, मातीवर छोट्या गोळ्या दिसतील, त्यामुळे घाई कशाचीच नाही.

पायरी ७: प्रमाण आणि घालायची पद्धत

झाडाच्या फांद्यांचा घेर मोजा. व्यास १ मीटर असेल तर खालची जागा साधारण ०.८ चौरस मीटर होते, २ मीटर असेल तर साधारण ३ चौरस मीटर, म्हणजे व्यास दुप्पट झाला की जागा चौपट होते, हे लक्षात न घेता अंदाजाने टाकलं की लहान झाडाला हमखास जास्त पडतं.

अमोनियम सल्फेट चौरस मीटरला एका वेळी १५ ग्रॅम, म्हणजे १ मीटरच्या झाडाला १२ ग्रॅम आणि २ मीटरच्या झाडाला ४५ ग्रॅम. वर्षातून जास्तीत जास्त दोनदा. सरकीची पेंड चौरस मीटरला १०० ग्रॅम, वसंतात एकदाच. तयार खत असेल तर पहिल्या वर्षी पिशवीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच घाला आणि झाड काय म्हणतं ते बघा, कमी पडलं तर पुढच्या वेळी वाढवता येतं, जास्त पडलं तर परत काढता येत नाही. वजनकाट्यावर एकदा मोजा, एखाद्या लहान डब्याला खूण करून ठेवा, दरवेळी मोजायची कटकट नाही. बुटक्या, बारीक पानांच्या डोंगरी जातींना याहूनही कमी द्या, मोठ्या पानांच्या जाती थोडं जास्त पचवतात.

पद्धत अशी. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या, कोरड्या मातीत खत कधीच नाही. दुसऱ्या दिवशी पानं कोरडी असताना खत घेरात सगळीकडे सारखं भुरभुरा, बुंध्यापासून वीतभर लांबून सुरू करून फांद्यांच्या टोकाच्या थोडं बाहेरपर्यंत, एका जागी ढीग नको. मल्चवरच टाकलं तरी चालतं, पाण्याने खाली जातं. पानांवर, पालवीत दाणे अडकले तर झटकून टाका नाहीतर तिथे डाग पडतील. मग झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पुन्हा नीट पाणी द्या. पुढचा आठवडा माती सुकू देऊ नका.

फुलं सुकली की त्यांचे झुपके हलक्या हाताने मोडून काढा, बी धरण्यात जाणारी ताकद वाचते, हेही एक प्रकारे खायला घालणंच आहे. झुपक्याच्या अगदी खालीच नवे कोंब असतात ते मोडणार नाहीत एवढं बघा, म्हणून कात्रीपेक्षा बोटं बरी.

पायरी ८: पानं पिवळी पडली तर कुठली ते बघा

कोवळी, टोकाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, तर लोह मिळत नाहीये. याचा अर्थ जवळजवळ नेहमी पीएच जास्त आहे असा घ्यायचा, कधीकधी मुळं कुजलेली किंवा पाणी साचलेलं असतं. तात्पुरतं चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, फवारलं की पानं काही दिवसात हिरवी होतात, बघायला छान वाटतं, पण पुढची पालवी परत पिवळी येते कारण मूळ दुखणं मातीत आहे. मातीतून द्यायचं तर चिलेटचा प्रकार बघा, ईडीटीए साधारण ६ पीएचच्या आसपासच टिकतं, वरच्या पीएचला ईडीडीएचए लागतं. आणि सोबत गंधकाचं काम सुरू ठेवा.

जुनी, खालची पानं शिरांच्या मध्ये पिवळी आणि नवीन पानं ठीक, तर मॅग्नेशियम कमी. इथे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, उपयोगी आहे. पण एप्सम सॉल्टने माती ॲसिडिक होते हा समज चुकीचा आहे, आणि मॅग्नेशियम कमी नसताना घातलं तर नुसते क्षार वाढतात.

सगळंच फिकट आणि जुनी पानं जास्त फिकट, तर नायट्रोजन, वर सांगितलेलं प्रमाण द्या.

पानांची टोकं आणि कडा तपकिरी, खत घातल्यानंतर थोड्याच दिवसांत, तर खत जास्त झालंय. वर दिसणारे दाणे आणि वरचा मल्च काढून टाका आणि दोन-तीन दिवस थोडं थोडं थांबत भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुवून काढा, निचरा चांगला असेल तरच हां, नाहीतर मुळं गुदमरतील. त्या वर्षी परत काहीही घालायचं नाही. करपलेला भाग हिरवा होणार नाही, पण नवीन पालवी स्वच्छ आली तर झाड वाचलं समजा. हेच करपणं पाण्याच्या ओढीने किंवा कोरड्या वाऱ्यानेही होतं, त्यामुळे आधी आठवून बघा की खत खरंच घातलं होतं का.

कुंडीतल्या झाडांसाठी

कुंडीत हिशोब थोडा बदलतो, कारण प्रत्येक पाण्याबरोबर अन्न खालच्या भोकातून निघून जातं. मिश्रण ॲसिडिक झाडांसाठीचंच घ्या, बागेची माती भरू नका. वसंतात स्लो रिलीज दाणे एकदा, किंवा ॲसिडिक झाडांचं लिक्विड खत निम्म्या ताकदीने दर दोन ते चार आठवड्यांनी, दोन्ही एकदम नाही. इथेही उन्हाळ्याच्या मध्याला बंद. अधूनमधून नुसतं पावसाचं पाणी खालून वाहून जाईपर्यंत घाला म्हणजे साठलेले क्षार निघतील, कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पापडी दिसली तर ते लगेचच करा. दोन-तीन वर्षांनी मिश्रण बसून घट्ट होतं, तेव्हा फुलं संपल्यावर झाड बाहेर काढून एक माप मोठ्या कुंडीत लावा, मुळांचा गोळा आधी होता त्याच पातळीवर राहील असं बघा, खोल पुरू नका, आणि ताज्या मिश्रणात खत आधीच असेल तर पुढचे काही महिने वरून काहीच देऊ नका.